कार्बनचे काढले

भाईंदर पूर्व,
१४ नोव्हेंबर १९९३

अहो,

नमस्कार. आम्ही दोघी बऱ्या आहोत. क्षितिजाचा खोकला गेला. सहामाहीत गणितात चांगले गुण पडले तिला. तिकडे दोह्यात आता ऊन उतरलं असेल. जेवणाची आबाळ करू नका.

डोंगरीला चर्चमध्ये गाणाऱ्या मंडळींचा ॲम्प्लिफायर पुरा झाला. तुमच्या सर्किटप्रमाणेच जोडला होता, पण गाणं थांबलं की स्पीकरमधून बारीक 'सूंऽऽ' यायचं. ही मंडळी हळू गातात. मधल्या शांततेत ते टोचायचं. मग सिग्नल जिथून आत शिरतो तिथले, स्वतःच सूं करणारे कार्बनचे रेझिस्टर काढून शांत मेटल फिल्मचे घातले. तिथला बारीकसा आवाजही पुढे कितीतरी पट वाढतो, हे तुम्हीच शिकवलंत ना? चालू-बंद दाखवणाऱ्या दिव्याला मात्र कार्बनचाच ठेवला. तिथे कानाचा काय संबंध! डावा-उजवा सारखा वाजावा म्हणून मीटरवर मोजून जोड्या लावल्या.

शेजारच्या हंसाबेन आल्या, स्पीकरला कान लावून म्हणाल्या, "अंबिकाबेन, ये चालू है के बिगड़ गया?" मी कॅसेटचं बटण दाबलं, तशा "अरे बाप रे!" करत पलंगावर आदळल्या. दोघी पोट धरून हसलो.

उत्तमभावजींना मात्र हे पटत नाही. "वहिनी, आवाज मोठा आला की झालं. सूं कोण ऐकतंय?"

मी ऐकते.

तुमचं पत्र मिळालं होतं. उत्तर लांबवत होते. 'तुझा छंद आता पुरे, बाहेरची खोली उत्तमला केबलच्या ऑफिससाठी दे.' तुम्ही विचारलं नाहीत, कळवलंत. छंद कसला हो? तुम्ही गेलात तेव्हा लोक तुमचं नाव घेऊन यायचे. आता दारातून "वहिनी आहेत का?" म्हणतात.

गेल्या रविवारी भावजी माझं कामाचं टेबल उचलायला टेम्पो घेऊन आले. मी चहा दिला, टेबल दिलं नाही. रागावून गेले. त्यांचं पत्र कदाचित माझ्या आधी पोचेल. त्यात 'वहिनी दारात आडवी उभी राहिली' असं असेल, तर ते खरं आहे.

माझा हात धरून तुम्ही सोल्डरिंग शिकवलंत, ते विसरले नाही. म्हणूनच सोडणार नाही. डोंगरीच्या ॲम्प्लिफायरच्या डब्यावर या वेळी माझं नाव घातलंय. तुम्ही परत याल तेव्हा टेबलाच्या समोरच्या बाजूला तुमची खुर्ची टाकीन, दोघं मिळून काम करू. पण खोली द्यायची नाही.

तुमची, आणि या खोलीचीही,
अंबिका