अण्णांच्या फळीच्या बिजागऱ्या

घाटकोपर
११ जानेवारी १९८६

चि. श्यामकांत यास कुंदाताईचे आशीर्वाद. अण्णा आणि मी तब्येतीने बरे आहोत, बाकी काही बरं नाही. हे पत्र जयंतीला वाचून दाखवू नकोस असं लिहिणार होते, पण ती तुझ्याआधी वाचेल हे मला ठाऊक आहे.

अण्णांचं काहीतरी चाललंय. कुर्ल्याच्या रेल्वे यार्डात जन्मभर डब्यांचं शंटिंग केलं, रिटायर झाले, आता घरात शांत बसावं की नाही? मी विक्रोळीला ऑफिसला गेले की हे बाहेरच्या खोलीतली सतरंजी गुंडाळतात आणि फरशीवर खडूने रेघा मारतात. मी यायच्या आत फडक्याने पुसून टाकतात. परवा डोकं दुखत होतं म्हणून लवकर आले, तर सापडले. दारापासून एक लांब रेघ, पुढे तिला तीन फाटे. खिडकीकडच्या लांब फाट्यावर तुझं नाव, मोरीकडच्या आखूड फाट्यावर माझं. तिसरा कोरा. विचारलं तर म्हणाले, काही नाही गं, जागेत काय काय बसतंय ते बघतोय.

खालचा गुणाजी सुतारही सामील आहे. त्याच्याकडे अण्णांची एक फळी पडली आहे आणि दोन नव्या बिजागऱ्या. खोदून विचारलं तर म्हणतो, अण्णांनी सांगू नको म्हटलंय. बिजागऱ्या दाराला लागतात हे मलाही कळतं. म्हणजे मधे पार्टिशन पडणार, खिडकी तुला आणि मोरी मला.

मे महिन्यात तू बदली होऊन येणार, ये बाबा, घर तुझंही आहे. पण आईचं आजारपण मी याच खोलीत काढलं. आता या वयात मला कोपऱ्यात ढकललंत, उद्या बाहेर काढलंत, तर मी कुठे जाऊ? याची मला खरंच भीती वाटते. जागेबद्दल तू अण्णांना काही लिहिलं आहेस का, ते सरळ कळव.

लोभ किती उरला आहे ते तुझ्या उत्तरावरून कळेलच.

तुझी ताई


रत्नागिरी
२० जानेवारी १९८६

ती. ताईस श्यामकांतचा शि. सा. न. वि. वि. पत्र पोचलं. जयंतीने आधी वाचलं, मग मला दिलं, आणि त्या दिवशी आमटीत मीठ नव्हतं.

जागेबद्दल मी अण्णांना एक अक्षर लिहिलेलं नाही. उलट त्यांचंच कार्ड मला आलं. लिहितात, येताना सगळे एकदम येऊ नका, आधी सामान पाठवा, मग माणसं. आणि एक जागा कायम मोकळी ठेवावीच लागते, नाहीतर सगळंच अडकतं. जयंती म्हणाली, पाहुण्यांना येऊ नका असं याहून गोड कसं सांगणार. मला तर त्यात तुझाच आवाज ऐकू आला. रागावू नकोस, पण शिकवल्याशिवाय अण्णा असलं लिहितील का?

पुढचं ऐक. महाडहून नानाकाकांचं पत्र आहे. अण्णांनी त्यांना विचारलंय की तुमची पडवी रिकामी आहे का आणि तिथे वीज आहे का. तिथे कोणाला पाठवायचा बेत आहे? आम्हालाच ना? दोन पोरं घेऊन मी महाडच्या पडवीत राहू आणि रोज मुंबईच्या बँकेत जाऊ? वाट लागली म्हणायची.

माझ्यावर डोळे वटारण्यापेक्षा तू अण्णांनाच का विचारत नाहीस? एका घरात तर राहता.

लोभ असावा, संशय जरा कमी असावा.

तुझा श्याम


घाटकोपर
२ फेब्रुवारी १९८६

चि. श्याम, अनेक आशीर्वाद. जयंतीलाही सांग, आणि या खेपेस पत्र तिला मुद्दाम वाचायला दे.

शनिवारी अण्णा मरोळला निघाले तशी मीही मागोमाग गेले. हो, बापाच्या पाळतीवर गेले, हसायचं तर हस. तिथल्या एका कारखान्यातून ते पुडकं घेऊन बाहेर पडले. ते गेल्यावर मी आत शिरून मालकाला विचारलं. चंद्रप्रकाश नाव त्याचं. तो म्हणाला, बाई, खेळण्यातली मोटर आणि रुळांसाठी पितळेच्या पट्ट्या न्यायला येतात ते.

घरी येऊन मी अण्णांना समोर बसवलं. ते गुणाजीकडून फळी घेऊन आले. अरे, तिच्यावर अख्खं यार्ड आहे. एक लांब रूळ, तीन फाटे, रूळ बदलायचे इवलेसे सांधे, साबणाच्या डबीचं इंजिन. फळी लहान, त्यामुळे कुठला फाटा किती लांब ठेवायचा याचा आराखडा ते फरशीवर करत होते. यार्डात कुठला डबा कुठे जायचा ते डब्यावर खडूने लिहीत, तीच त्यांची सवय. आपली नावंही तशीच. तू येणार म्हणून घराचा विचारसुद्धा ते तसाच करत होते.

म्हणाले, डबे आपापल्या जागी लावून दाखव. मी तिन्ही फाटे भरून टाकले आणि इंजिन अडकलं. तेव्हा त्यांनी सांगितलं की एक फाटा रिकामा असेल तरच बाकीचे डबे हलतात. मी लगेच विचारलं, म्हणजे मी जायचं का? त्यांना पहिल्यांदा प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, तू का जाशील, तुझं नाव आहे ना तिथे.

श्याम, नाव तुझं होतं, माझं होतं. अण्णांचं कुठेच नव्हतं. मी त्या रेघा डोळ्यांनी पाहिल्या, तुला लिहिल्या, तू वाचल्यास, आणि खिडकी कोणाला यावरून आपण भांडलो. महाडची पडवी ते स्वतःसाठी विचारत होते. वीज हवी होती ती मोटरीला. आणि बिजागऱ्या अशासाठी की फळी मधोमध मिटून एसटीतून नेता यावी. मला रडू आलं, ते सांधा नीट करत बसले.

मी तिसऱ्या फाट्यावर खडूने अण्णा असं लिहिलं. ते म्हणाले, अगं, मग काही हलणार नाही. मी म्हटलं, नको हलू दे.

मे महिन्यात सगळे एकदम या, सामानासकट. गुणाजीला बोलावून बिजागऱ्या काढून टाकल्या आहेत. फळी आता खिडकीखाली भिंतीला चार स्क्रूंनी पक्की बसवली आहे.

लोभ आहे तसा असू दे.

तुझी ताई