कडुनिंबाचं पाणी

बारामती, मंगळवार, मार्च १९९७

लासुर्ण्याची सुनीता दुपारी माझ्या दवाखान्यात दाखल झाली. आठवा महिना, पाणी जायला लागलेलं. मागचं बाळ दुसऱ्याच दिवशी जंतुसंसर्गानं गेलेलं, म्हणून काडीवर आतला स्राव घेऊन, जन्मताना आईकडून बाळाला लागणाऱ्या त्या जंतूंची नवी झटपट तपासणी केली. पुण्याच्या रिपोर्टला दोन दिवस लागतात, तोवर बाळ थांबतंय कुठं? अर्ध्या तासात उत्तर: जंतू नाहीत. बरं वाटलं.

सासूबाई हरखल्या. "निघतील कुठनं, बाई? तपासायचं म्हनून कडुनिंबाच्या पाण्यानं आतपातूर धुऊनच आणलीया. तशीच कशी आणायची दवाखान्यात?"

म्हणजे मी तपासलं कुणाला? सुनीताला, की कडुनिंबाच्या पाण्याला? धुतल्यावर जंतू काडीवर येत नाहीत, पण आत उरतातच; चिडून उपयोग नव्हता, पुन्हा नमुना घेऊनही. जंतू आहेत असंच धरून सलाईनमधून पेनिसिलिन लावलं.

"स्वच्छ निघाली, मग सुई कशाला?" सासूबाईंनी विचारलं.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सुनीता भिंतीकडं बघतच बोलली, "मागल्या टायमाला पुण्याचा रिपोट बी स्वच्छच आला हुता, आत्या. तवा बी तुमी धुऊनच नेलं हुतं."

सासूबाई खाटेच्या कडेला बसल्या. सलाईन संपेपर्यंत त्यांनी सुनीताचा सुई लावलेला हात धरून ठेवला. कडुनिंबाचा वास अजून खोलीभर होता.