डेलियाच्या वीस पुंगळ्या

डेलिया,

किल्ली जुन्याच जागी आहे. स्टोव्हवर एल्क हरणाच्या मांसाचा रस्सा आहे, गरम करून खा. आणि आल्या आल्या काडतुसं भरायला बसू नकोस! तुझ्या डब्यातल्या वीसही रिकाम्या पुंगळ्या बाद झाल्यात. दर वेळी उडवलं की पितळ ताणलं जातं आणि बुडाशी पातळ होतं. काल वाकडी तार आत फिरवून पाहिली, एकूण एक पुंगळीत खाच लागली. आता उडवल्या तर रायफलीतच फाटतील.

दर भरणीला एक, अशी झाकणावर तू मारलेली एकच रेघ होती. आता आठ आहेत. तू गेल्यापासून दर शिकारीच्या मोसमाआधी मी तुझ्याच रायफलीतून वीसही उडवायचो आणि पुन्हा भरून ठेवायचो. शेजारचा एमेट हसायचा, तर त्याला सांगायचो की जुन्या दारूचा भरवसा नसतो. बंदुकीची दारू वर्षभरात बिघडत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. पण तू अचानक आलीस, तर काडतुसं ताजी असावीत ना!

नव्या पुंगळ्या आणायला ब्यूट शहरात गेलोय. त्या नव्या डब्यावरची पहिली रेघ तूच मार.

संध्याकाळपर्यंत पोचतो. तोवर परत जाऊ नकोस.

बाबा