नेरेइदाच्या घरची जपमाळ

उतुआदो, पोर्तो रिको

बेलार्मिनो यास,

विसाव्या वर्षी तू अमेरिकन फौजेतून कोरियात गेलास आणि तिथेच मेलास. तेव्हापासून दरवर्षी त्या दिवशी नेरेइदाच्या घरी तुझ्यासाठी जपमाळेची प्रार्थना होते. साखरपुड्याची अंगठी तिच्या बोटात, म्हणून तुझ्या फोटोशेजारची खुर्ची तिची, पहिली कॉफी तिला. आपल्या दोघांचं कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणून मी नुसती प्रार्थना सांगणारी. "ओब्दुलिया, तू ननांच्या शाळेतली. तुझ्यासारखा खणखणीत आवाज कुणाचा गं?" असं नेरेइदा म्हणते, लबाड!

काल मला सहन झालं नाही. नदीकाठी तू म्हणाला होतास, "मला काजवा फक्त तूच म्हणायचं." म्हणून भर प्रार्थनेत मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "आमच्या काजव्याच्या आत्म्यासाठी!"

मागून कुणीतरी कुजबुजलं, "म्हातारी चळली वाटतं."

नेरेइदाने मात्र डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. "हे तुला कुणी सांगितलं? ते नाव तर फक्त मी घ्यायचे."

मी पुढची प्रार्थना चुकले. आयुष्यात पहिल्यांदा.

मेलेल्यांना जाब विचारू नये, असं शाळेतल्या नन शिकवायच्या. तरी विचारते. आधी कुणाला सांगितलं होतंस, मला की तिला?

अजूनही धुमसणारी,
ओब्दुलिया