बाहेर कोणी नाही

मंगळवार, ३ नोव्हेंबर

नोकरी लागली! दादाचं तोंड बघण्यासारखं झालं. "कॉलेज अर्ध्यात सोडणाऱ्याला कोण घेतं रे?" – घेतात! कान शाबूत असले की घेतात.

टायरच्या दुकानाच्या वर, दुसरा मजला. बारा टेबलं, बारा हेडफोन. लोक रोज घरून फोनवर एकच ठरलेलं वाक्य बोलून पाठवतात – "खिडकी उघडी आहे आणि बाहेर कोणी नाही." आपण ऐकायचं आणि त्या आवाजाला मूडचा इंग्रजी शब्द लावायचा. आमच्या टेबलाकडे फक्त उदास खातं. एकोणीस शब्द! मला वाटायचं, सॅड म्हटलं की विषय संपला. इथे ग्लूमी वेगळा, ब्लीक वेगळा, ग्रिम वेगळा. मॅडमनी यादी भिंतीवर चिकटवली आहे. सोंबर म्हणजे गंभीर, पण सावरलेला. मोरोस म्हणजे तोंड पाडून बसलेला, विचारलं तर अंगावर येणारा. मी म्हटलं, "हा तर आमचा दादा." कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या कानाला हेडफोन.

बुधवार, ४ नोव्हेंबर

प्रत्येक आवाज दोघांनी ऐकायचा – मी आणि शेजारच्या मावशी. शब्द जुळला की फाईल पुढे. नाही जुळला तर मॅडमकडे. मग त्या फाईलची, एरवी आम्हाला न दिसणारी, तारीख-वेळ उघडणार, तिघांनी बसून परत ऐकायचं, कपाळाला आठ्या. म्हणून सगळे जुळवून घेतात.

मावशी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. "तीस वर्षं लोकांचे आवाज एकमेकांना जोडले, हीरो. नवरा कोणाचा खोटं बोलतोय ते मला बायकोच्या आधी कळायचं."

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

आवाज नंबर ४१७ – ती आहे!!

हजारात ओळखेन. 'उघडी'मधला 'घ' ती असा पुसट म्हणते, घाईत असल्यासारखा. ओळखीचा आवाज आला तर फाईल सोडून द्यायची, असा नियम आहे. मी सोडली नाही. कोण सोडेल? पाच महिने झाले तिचा शब्द ऐकून. त्या दिवशी कॉलेजच्या लॅबमध्ये तिच्याशी लगट करणाऱ्या त्या चिकट पोराला मी स्टूल मारलं, तेव्हा शेवटचं बोलली – "मला वाचवायला तुला कोणी सांगितलं?" सरांनी माफी मागायला लावली. मी दप्तर उचललं ते उचललंच.

आवाज खोल गेलाय तिचा. मी फोरलॉर्न लावला. यादीत लिहिलंय – ज्याला आपलं माणूस सोडून गेलं, त्याचा उदासपणा.

आपलं माणूस! म्हणजे कोण, हे काय सांगायला हवं?

सोमवार, ९ नोव्हेंबर

आज पुन्हा ४१७. 'आणि बाहेर' म्हणाली आणि थांबली. मोजून तीन सेकंद. मागे घड्याळाची टिकटिक. मग 'कोणी नाही' – इतक्या हळू, की भिंतीला ऐकू जाऊ नये. मी हेडफोन काढून खिडकीकडे बघितलं. आमची खिडकी तर बंदच असते.

मावशींचा शब्द वेगळा – ड्रेड. काहीतरी वाईट येणार, याची धास्ती.

"मावशी, दुःख आहे ते. कोणाची तरी आठवण काढतेय बिचारी."

"दुःखात माणूस वाक्य संपताना श्वास सोडतो, बाळा. ही सुरुवातीलाच धरून बसलीय. लपलेलं माणूस असं बोलतं."

मी भांडलो. आवाज चढला माझा. सगळे वळून बघायला लागले. शेवटी मावशी म्हणाल्या, "बरं बाबा, घे तुझं फोरलॉर्न. मॅडमपुढे उभं राहायला माझे गुडघे नाहीत."

जिंकलो. तरी बरं वाटेना.

मंगळवार, १० नोव्हेंबर

४१७ – "खिडकी बंद आहे आणि बाहेर कोणी नाही."

वाक्य बदललं तिने! असं कोणीच करत नाही. मी अकरा वेळा ऐकलं. शेवटच्या शब्दानंतर फोन बंद करायला विसरली असावी – चार सेकंद नुसती शांतता. आणि त्या शांततेत कोणीतरी कान देऊन बसलंय, असं वाटतं. ती. की तिकडचं कोणी?

मावशींनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. फोरलॉर्न, फोरलॉर्न. फाईल पुढे.

बुधवार, ११ नोव्हेंबर

मावशींचं खरं असेल तर? कोणीतरी तिला त्रास देतंय? तळपायाची आग मस्तकात गेली. समोर ये म्हणावं एकदा!

तसाही कामावरून सुटलो की रोज मी तिच्या गल्लीत असतोच. सहा ते आठ. समोरच्या शिलाईवाल्याच्या बंद दुकानाच्या पायरीवर. आता नुसतं बसणार नाही. राखण करणार.

आई म्हणाली, "हल्ली जेवण थंड झाल्यावर येतोस. चेहरा बघ आरशात." मोरोस, म्हटलं. तिला कळलं नाही.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

साडेसहाला पोचलो. आठपर्यंत चिटपाखरू नाही. खिडकी बंद. पडदाही. एकदा हलला, बस्स.

सोमवार, १६ नोव्हेंबर

जेवणाच्या सुट्टीआधी आली ४१७. कुजबुज. श्वासच जास्त.

"खिडकी बंद आहे. बाहेर तो आहे."

मावशींनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "हे आता जुळवायचं नाही. आधी तुझं ऐकलं, ते पाप मी केलं. उठ, मॅडमना बोलव."

मीच धावत गेलो! "मॅडम, वेळ उघडा. कोण आहे तो, हाडं मोडतो त्याची!" मॅडम म्हणाल्या, "तू आधी खाली बस." पण फाईल उघडली. गुरुवार, बारा तारीख. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटं.

"सापडला!" मी टेबलावर हात आपटला. "तेव्हा मी तिथेच होतो, तिच्या घरासमोर! कोण आलं, कोण गेलं, सगळं सांगतो!"

मावशी माझ्याकडे बघत होत्या. मग अगदी हळू म्हणाल्या, "सांग ना. कोण आलं?"

मंगळवार, १७ नोव्हेंबर

कोणी आलं नव्हतं. कोणी गेलं नव्हतं. दीड तास मी एकटाच होतो.