लाइफबोट आणि बाबांची खाट

३ मार्च, सकाळी
आजपासून आळस बंद. ‘लाइफबोट’ या इंग्रजी शब्दाचं मूळ महिनाअखेरपर्यंत शोधून काढणार. जहाजं बुडत होतीच, बोटीही होत्याच; पण ‘लाइफ’ आणि ‘बोट’ यांची गाठ पहिल्यांदा कोणी मारली? जुन्या पेपरांतले उतारे चिठ्ठ्यांवर लिहून बाबांच्या खाटेवर सालवार मांडले. टेबल पुरत नाही. बाबा हॉस्पिटलमध्ये, खाट रिकामीच.

५ मार्च
ताईचा फोन. डॉक्टरांनी हात टेकले. बाबा म्हणतात, घरी न्या, माझ्या खाटेवर पडू द्या. मी लगेच हो म्हटलं. मी काय नाही म्हणणारा आहे? फक्त रविवारपर्यंत थांब म्हटलं. चिठ्ठ्या हलल्या की सालं चुकली, सगळं मुसळ केरात.

८ मार्च, रविवार
आवरणार होतो. पण झकास उतारा सापडला. बुडतं जहाज, खाली सोडलेली बोट. ‘लाइफ’ अजून जोडलेलं नाही, म्हणजे मी अगदी जवळ आलोय. अशा वेळी खाट आवरणं हा करंटेपणा.
संध्याकाळी बाबांना तो उतारा वाचून दाखवला. पाण्यातली माणसं बोटीची कड धरतात, आतली माणसं त्यांच्या हातांवर वल्ही मारतात. बाबांनी डोळे मिटले. रंगले होते. नर्सने मला बाहेर काढलं. तिला वाचनाची आवड दिसत नाही.

११ मार्च
बाबांनी विचारलं, खाट झाली का. झालीच, म्हटलं. पायथ्याकडच्या चिठ्ठ्या खरंच उचलल्या होत्या. मग परत मांडल्या. ताई म्हणाली, मी येऊन आवरते. तिला चावी द्यायची राहून गेली. माझ्यामागे शंभर व्यवधानं.

१३ मार्च, रात्री
सापडला! दोन्ही शब्द जोडून, एकाच ओळीत. उद्या लायब्ररियनला दाखवायचा, तिथून थेट हॉस्पिटल, मग बाबा घरी. ॲम्ब्युलन्सचा नंबरही काढून ठेवला. ताईला सांगितलं, उद्या नक्की. तिने फोन ठेवला. म्हणजे पटलं.

१४ मार्च
लायब्ररियनने कपाटातून मोठा इंग्रजी शब्दकोश काढला. त्या शब्दाखाली माझाच उतारा छापलेला, वर त्याच्याही आधीच्या सालातला एक. आवृत्ती माझ्या जन्माआधीची. मी कोश कधी उघडलाच नव्हता. आयतं घ्यायचं नाही, हा माझा बाणा.
लायब्ररीत फोन बंद ठेवावा लागतो. बाहेर येऊन पाहतो तर ताईचे मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. हॉस्पिटलमध्ये पोचलो तेव्हा नर्सने सांगितलं, सकाळीच गेले. खाट झाली का, विचारत होते म्हणे.

१६ मार्च
चहाचं आधण ठेवलं आणि खाट आवरायला घेतली. चिठ्ठ्या पिशवीत कोंबल्या. धुतलेली चादर घातली, उशीला अभ्रा चढवला.
चहाला उकळी यायच्या आत झालं.