डॉट इनची नावं

रत्नागिरी, शनिवार, मार्च २००५

वेबसाइटच्या नावांसाठी डॉट इन सगळ्यांना खुलं झालं तेव्हा मी काही नावं नोंदवून ठेवली. पुढे चांगल्या भावाने विकू, एवढाच विचार. आज मुंबईच्या एका कंपनीच्या वकिलाची नोटीस आली. त्यातलं एक नाव आमचं आहे, परत करा, नाहीतर कोर्टात खेचू. ते नाव कंपनीचं आहे हे मला माहीत नव्हतं. की होतं?

संध्याकाळी यांचा जहाजावरून फोन आला.

"आवाज असा का गो तुझा?"

आधी सर्दी म्हटलं, मग रडत सगळं सांगितलं.

"देऊन टाक. दुसऱ्याचं नाव घरात ठेवू नये."

लगेच वकिलाला तसं पत्र लिहिलं. तरी उरलेली नावं पुन्हा पुन्हा वाचतेय. हीसुद्धा कुणाची तरी असतीलच ना?